गुरुवारची बाटली

जुईने तपासणीच्या औषधाचे थेंब टाकलेली काचेची नळी उन्हात धरली. पाणी पिवळं राहिलं असतं तर स्वच्छ. ते हळूहळू हिरवं झालं.

“काका, अमोनिया अजून आहेच.”

“काय करावं आता,” नीळकंठराव म्हणाले.

मंडीदीपच्या अलीकडचं हे त्यांचं मत्स्यतळं. जुई ज्या संस्थेत होती, ती आसपासच्या तळ्यांचं पाणी तपासायची. तिच्या सांगण्यावरून नीळकंठरावांनी माशांचं खाद्य निम्म्यावर आणलं, पाण्यात हवा घालणारा पंखा चालवला, थोडं थोडं करून पाणी बदललं. मासेही मजेत होते. खाद्य पडलं की रोहू तुटून पडत. पहाटे एकही मासा धापा टाकत वर येत नव्हता. नळी मात्र दर गुरुवारी हिरवी.

“हट्टी आहेत तुमचे मासे,” जुई म्हणाली. “बाकीची तळी कधीच सुधारली. हे सुधारलं की माझी इकडची फेरी संपली.”

बाटली नीळकंठराव ती यायच्या आधीच भरून ठेवत. काठावर चिखल असतो, तू कशाला घसरतेस, असं म्हणत. तिने कधी आग्रह धरला नाही.

मग चहा. तो तीच करायची. साखर शोधताना फळीवरचे सगळे डबे उघडून बघायची. थालीपीठ नीळकंठराव लावत.

“काका, हे थालीपीठ आहे की तव्याचं झाकण?”

“झाकण असतं तर दुसरं मागितलं नसतंस.”

ती हसायची. मूळची अमरावतीची. शहरात, अशोका गार्डन वस्तीत रुळांजवळ खोली घेऊन एकटी राहायची. आठवडाभर हिंदी बोलून जीभ आखडते, म्हणायची. खाऊन झालं की ताटली धुवायला तळ्याच्या काठाशी जायची, नळ्या-औषधांची बॅग खांद्याला लावूनच. तिथे जरा रेंगाळायची. मग बस.

ती गेली की घर गप्प व्हायचं.

तळं त्यांच्या बायकोच्या, मंदाकिनीच्या हौसेचं. निवृत्तीनंतर तुलसी नगरचं सरकारी घर सुटलं, तेव्हा ती म्हणाली होती, आता दारासमोर पाणी हवं. पाणी आलं, मासे आले, आणि ती गेली. मुलगा अभिजीत परदेशातून फोन करायचा. जेवलात का, औषध घेतलं का, एवढं विचारून ठेवायचा. बाकी दिवस नीळकंठरावांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा तो माशांना हाक मारताना.

पहिल्यांदा पाण्यात अमोनिया खरंच होता. अमोनिया म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा जुई म्हणाली होती, “कल्हई करताना नवसागराचा वास नाकात जातो ना, तोच.” पुढे पाणी सुधारलं. माशांच्या वागण्यावरून ते त्यांना कळलं, आणि आता गुरुवार संपणार हेही.

कल्हईवाला भेसळ करतो म्हणून मंदाकिनीने नवसागर स्वतः आणून ठेवला होता. साखरेच्या डब्याशेजारी. त्यातला मुगाएवढा खडा तेव्हापासून दर गुरुवारी बाटलीत विरघळत होता.

बुधवारी श्याम टेम्पोतून माशांचं खाद्य घेऊन आला.

“कल मॅडम आएंगी ना, दादा?” पोतं उतरवत तो म्हणाला. “बेचारी. गुरुवार को तो उनकी छुट्टी रहती है.”

“छुट्टी?”

“और क्या. सब सोते हैं, वो आपके तालाब के चक्कर में दो बसें बदलती हैं. इस धूप में.”

त्या रात्री नीळकंठरावांना घास गेला नाही. आपण एका पोरीची सुट्टी चोरत होतो.

सकाळी त्यांनी नवसागराचा डबा फळीवरून काढला आणि तसाच परत ठेवला. बाटली खळखळून धुतली, तळ्यात उतरून भरली. नुसतं पाणी. आजचं थालीपीठ करपू द्यायचं नाही, म्हणून तव्यासमोरून हलले नाहीत.

जुई आली. चेहरा उन्हाने लाल झाला होता. तिने नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलवलं. दोघं उभे राहून बघत होते.

पाणी पिवळंच राहिलं. लिंबाच्या सालीसारखं पिवळं.

“झालं एकदाचं,” नीळकंठराव म्हणाले. आवाज नीट निघाला. “सुटलीस बाई तू.”

जुईने नळीकडे पाहिलं. मग ओसरीत झाकून ठेवलेल्या दोन ताटल्यांकडे पाहिलं. मग नळी गवतात रिकामी केली.

“हिरवंच आहे, काका. पुढच्या गुरुवारी येते. आणि तो नवसागर आता जपून ठेवा, भांडी कल्हईला आलीत.”