आतला खिसा

कोटाच्या आतल्या खिशातून तिची स्वतःचीच सही निघाली.

लाँड्रीचा नियम साधा होता. कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी सगळे खिसे उलटे करायचे. जे निघेल ते खाकी पाकिटात घालायचं, वहीत लिहायचं आणि गिऱ्हाईक आलं की वाचून दाखवून, सही घेऊन परत करायचं. दीड वर्षात तिला चाव्या सापडल्या होत्या, गोळ्या सापडल्या होत्या, एकदा तर चक्क दातांची कवळी. हा कागद चार घड्यांचा होता. कॉलेजचा फी-सवलतीचा अर्ज. खाली विद्यार्थिनीची सही, तिची. त्याखालची पालकांची जागा कोरी.

कोट सकाळीच ड्रायव्हर टाकून गेला होता. कोट बाबांचा होता.

"केली गं सही. ऑफिसातल्या माणसाबरोबर कॉलेजात पाठवलासुद्धा," असं बाबा तीन आठवड्यांपूर्वी म्हणाले होते आणि ती गाढवासारखी निर्धास्त राहिली होती. अर्जाची मुदत आज पाचला संपत होती.

लिहायचंही काही नव्हतं. वाक्य छापलेलंच होतं: मुलीच्या शिक्षणाचा खर्च मी करत नाही. आणि ते पहिल्या वर्षापासून खरं होतं. 'माझ्या बापानं मला दमडी दिली नाही, म्हणून मी माणूस झालो,' हे बाबांचं पालुपद. पण बाबांचं उत्पन्न बघून कॉलेज म्हणे, वडिलांची सही आणल्याशिवाय सवलत नाही. पैसे द्यायचे नाहीत, आणि देत नाही असं लिहूनही द्यायचं नाही. दोन्ही डगरींवर हात.

तिनं इस्त्री इतक्या जोरात दाबली की वाफेचा लोट उठला. मालकीणबाईंनी मान वर केली. "अगं, राग कोटावर काढू नकोस. जळाला तर आपल्याला भरून द्यावा लागेल."

"जाळत नाही, काकू. कडक करतेय."

चार वाजता बाबा स्वतः आले. पाठोपाठ शेजारचे डॉक्टर, काखेत पडद्यांचं गाठोडं.

"काय राणीसाहेब, झाला का कोट? सहाला समारंभ आहे." मग बाबा डॉक्टरांकडे वळले. "बघा डॉक्टर, ही माझी लेक. मनात आणलं तर अख्खं कॉलेज विकत घेऊन देईन. पण नाही! स्वतः कमावते, स्वतः शिकते."

"मानलं बुवा तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "आमचं कार्टं गाडीची किल्ली हातात पडल्याशिवाय अंथरुणातून उठत नाही."

बाबा मनापासून हसले. तिच्या पोळलेल्या बोटांचं पदक करून ते गावभर मिरवतात, हे तिला ऐकून माहीत होतं. समोर उभं राहून बघायची ही पहिलीच वेळ.

"खिशात एक नग निघालाय," ती म्हणाली आणि वही उघडून तिनं वाचलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "कोट, काळा, एक. आतल्या खिशात अर्ज, एक. मुलीच्या शिक्षणाचा खर्च मी करत नाही, असं वडिलांचं निवेदन. वडिलांची सही नाही."

मागे मशीन घरघरत राहिली. डॉक्टरांनी गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं. "म्हणजे... सही विसरलात वाटतं?"

"हे घरी बोलता आलं असतं," बाबा दात आवळून म्हणाले.

"घरी तुम्ही म्हणालात, पाठवला."

"चारचौघांत बापाची अब्रू काढतेस?"

"मी फक्त खिसा उलटा केला, बाबा."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पाकीट काढून काउंटरवर आपटलं. "किती आहे तुझी फी? बोल! सगळी भरतो. आत्ता, इथल्या इथे. डॉक्टर, तुम्ही साक्षीला."

आकडा तिच्या जिभेच्या टोकावर आला. दोन वर्षं तो तिला झोपेतही पाठ होता. आणि त्याच्याबरोबर डोळ्यांसमोर आली ती पुढची सगळी वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणाच्या टेबलावर, 'भर दुकानात, एका झटक्यात भरली मी' असं सांगणारे बाबा.

तिनं पावतीपुस्तकातून कोटाची चिठ्ठी फाडली.

"कोटाचे एकशे ऐंशी," ती म्हणाली आणि खाकी पाकिटातला अर्ज काढून तिनं काउंटरवर आपल्या बाजूला उलगडला. "आणि सही इथे. कॉलेजचं ऑफिस पाचला बंद होतं."

तिनं कोटाकडे हात नेला, तोच मालकीणबाईंनी तो तिच्या आधी उचलला आणि पुन्हा मागच्या दांडीवर लटकवला. "सही झाल्याशिवाय आम्ही कपडा सोडत नाही, साहेब. नियम सगळ्यांना सारखाच."

बाबांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टरांनी नजर पडद्यांवर खिळवली.

गिऱ्हाइकं पेन पळवतात म्हणून मालकीणबाईंनी ते काउंटरच्या पायाला सुतळीनं बांधलं होतं. सुतळी आखूड होती. तिनं अर्ज होता तिथेच ठेवला, बोटभरही पुढे सरकवला नाही.

सही करायला बाबांना बरंच वाकावं लागलं.