मधली खुर्ची

मागच्या रविवारी ऐन वेळी ऑफिसचं काम निघालं होतं, म्हणून आज मुकुलने भरपाई केली. फोन बंद करून मायलेकींच्या मध्ये बसला आणि समुद्रातल्या माशांच्या त्या कार्टून सिनेमाला पोट धरधरून हसला.

मग जे. पी. नगरात डोसा खाता खाता त्याने मतं विचारली.

‘‘गाणी जरा जास्तच होती,’’ प्रांजली म्हणाली.

‘‘आणि आर्याबाई, तुम्हाला काय आवडलं?’’

‘‘तू ऑक्टोपसला हसलास ते!’’

‘‘अगं, सिनेमातलं सांग.’’

‘‘सिनेमा तर तोच होता, बाबा.’’

मुकुलने प्रांजलीकडे पाहिलं. मागच्या रविवारची तिकिटं रद्द केली, असं तिने सांगितलं होतं. ती खाली मान घालून चटणी ढवळत राहिली.

‘‘तेव्हा मी तुझ्या खुर्चीवर पॉपकॉर्न ठेवलं होतं,’’ आर्या म्हणाली, ‘‘कुणी बसू नये म्हणून.’’