उठाव

पंतप्रधानांचं भाषण संपायला चार मिनिटं उरली होती आणि ग्लेनिस प्रुएटचं बोट वेल्सच्या बटणावर होतं. ते दाबलं की तिकडच्या डोंगरावरच्या तळ्याचं पाणी खाली सुटतं आणि बारा सेकंदांत देशभरच्या विजेवरच्या किटल्यांना पुरेल एवढी जादा वीज तयार होते.

सबंध देशाची वीज या एका खोलीतून सांभाळली जाते. एकतीस वर्षं ग्लेनिस इथे एकाच प्रश्नाचं उत्तर देत आली होती: लोक किती उठतील? मोठा सामना संपला, मालिकेचा शेवटचा भाग संपला, की आमच्याकडे सगळा देश सोफ्यावरून एकदम उठतो आणि किटली लावतो. घरात कुणी गेलं तरी आधी किटली लागते, रडणं मागाहून. त्या एका मिनिटात विजेला असा काही उठाव येतो की मागणी दाखवणारी भिंतीवरची रेघ सरळ उभी चढते. आजच्यासाठी ग्लेनिसनं कागदावर लिहिलं होतं, दहा लाख किटल्या.

शेजारच्या टेबलावरच्या क्लाइव्ह अ‍ॅन्सेलनं आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात एक कार्ड खोचलं होतं. गेल्या आठवड्यात तसं कार्ड घरोघरी दाराच्या फटीतून आत पडलं होतं. टाकणारा मात्र एकाही गल्लीत कुणाला दिसला नव्हता. ‘प्रत्येक मत मोजलं जाईल अशी निवडणूक हवी. पंतप्रधान नाही म्हणाले, तर भाषण संपल्यावर उठू नका.’ खाली नाव नाही, पत्ता नाही.

टीव्हीवर पंतप्रधान हसत हसत नाहीच म्हणत होते. आहे ती पद्धतच देशाला मानवते, असं त्यांचं म्हणणं.

“न उठण्याचा उठाव,” क्लाइव्ह म्हणाला. “हे आपल्यालाच सुचू शकतं. मोर्चा म्हटला की लोक आधी पाऊस आहे का बघणार, मग गाडी कुठे लावायची ते. आणि हे चहा सोडणार? दाबा बटण वेळेवर, ग्लेनिसबाई.”

“आणि नाही उठले तर?”

क्लाइव्हचं हसू गेलं. भिंतीवर मोठ्या आकड्यांत पन्नास दिसत होतं. जेवढी वीज बनते तेवढीच वापरली जाते तोवर तिथे पन्नासच असतं, आणि तो आकडा फार वर गेला किंवा फार खाली आला तर काय होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पाणी सोडलं आणि लोक उठले नाहीत, तर आकडा उसळेल, वीजकेंद्रं एकेक करून बंद पडतील, देश अंधारात जाईल. उद्याच्या पेपरात ते पाप कार्डवाल्यांच्या माथी बसेल आणि पुढची पन्नास वर्षं मतांचा विषय कुणी काढणार नाही. पाणी सोडलं नाही आणि लोक उठले, तरी अंधारच. तो मात्र ग्लेनिसच्या नावावर.

तिनं दुसऱ्या हातानं फोन उचलला आणि बर्नलीला आईला लावला.

“आई, चहा टाकणार आहेस ना?”

“नाही.”

“अगं, सवयीनं हात जाईल तुझा.”

“कुठे जाईल? किटली बाहेर पायरीवर ठेवलीय.”

“बाहेर?”

“सगळ्यांनीच ठेवल्यात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पूर्वी दुधाच्या बाटल्या ठेवायचो ना, तशा. समोरच्या हॅलिवेलनंसुद्धा. आणि तो तर जन्मात कुणाच्या हो ला हो म्हणाला नाही.”

“हे ठरवलंत कधी तुम्ही?”

“कुणी कुणाशी बोललं नाही, बाळा. मी ठेवायला गेले तर बाकीच्या आधीच होत्या.”

उद्या पाऊस आहे का, हे आई याच आवाजात विचारते. त्या आवाजात राग नावालाही नव्हता, आणि म्हणूनच ग्लेनिसला भीती वाटली. तिनं फोन ठेवला.

“तुमची आई म्हणजे देश नव्हे,” क्लाइव्ह हळूच म्हणाला.

ग्लेनिसनं बटणावरचं बोट काढून घेतलं.

पंतप्रधान शुभ रात्री म्हणाले. क्लाइव्ह नेहमीसारखा दोन कप घेऊन कोपऱ्यातल्या किटलीपाशी गेला. तिथूनच त्यानं भिंतीकडे पाहिलं. दहा सेकंद झाले, वीस झाले. रेघ तसूभरही हलली नव्हती. किटलीच्या बटणाशी गेलेला हात त्यानं मागे घेतला, कप तिथेच ठेवले आणि तो आपल्या जागी येऊन बसला.

मग रेघ उतरू लागली. लीड्स, कार्डिफ, नॉरिच, प्लिमथ, शहरामागून शहर. तारा तुटल्यावर पडते तशी ती पडत नव्हती, सावकाश, एकसारखी खाली येत होती. लोक बसल्या जागेवरून टीव्ही बंद करत होते आणि मग हाताशी असलेले दिवे.

“हे कार्डावर नव्हतं,” क्लाइव्ह म्हणाला.

पन्नासचा आकडा वर सरकू लागला होता. ग्लेनिस एकेका केंद्राला वीज कमी करायला सांगत सुटली.

तेवढ्यात लंडनचा फोन वाजला. पंतप्रधानांच्या कचेरीतले कुणी साहेब होते.

“सगळं ठीक ना? रस्त्यावर तर चिटपाखरू नाही. पोलीसही काही नाही म्हणतायत. त्या कार्डाचं जरा मनात होतं, म्हणून विचारतो. तुमच्याकडे कळतं ना लगेच. कुणी उठलं का?”

ग्लेनिसनं भिंतीकडे पाहिलं.

“नाही साहेब. एकही माणूस उठला नाही.”

“वाटलंच होतं,” साहेब हसले. “आपले लोक कुठले उठतात. चला, चहा घ्या आता.”

त्यांनी फोन ठेवला. भिंतीवरची रेघ अजून खालीच जात होती.