आधी घरचं

धुरपताने पिशवी काखेत मारली आणि ती शाळेच्या फाटकाकडे निघाली. म्हणजे तिला वाटलं ते फाटक. प्रत्यक्षात ती भिंतीवर जाऊन आदळली.

"माय, कुठी चालली?" तिचा मुलगा खुशाल मागून धावत आला. "उद्या तुयं आपरेशन आहे ना!"

"मले नाई कराचं. एक डोळा त्या बाजारातल्या सुईवाल्यानं मोतीबिंदू काढतो म्हणत सुई टोचून घालवला. उरला त्याच्यात उजेड तरी दिसते. तोबी गेला तं मी करू काय?"

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. धान घरात येऊन पडलं होतं, लोकांना सवड होती, आणि सानगडीच्या शाळेत केवळराम स्मृती न्यासाचं नेत्रशिबिर भरलं होतं. ही मायलेकरं लाखांदूरकडून एसटीने आली होती.

केवळरामजींची तुमसरला धानाची गिरणी, सानगडीला शेती. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचं एक बोलणं अजून लोकांच्या तोंडी होतं: आधी आपल्या घरचं, मग गावचं. नवं बियाणं आलं की हा माणूस आधी स्वतःच्या धानाच्या बांधीत पेरायचा. पिकलं तर गावाला सांगायचा, बुडलं तर मुकाट गिळायचा. देवीची लस टोचणारे आले तेव्हा निम्मं गाव जंगलात पळालं होतं. यांनी भर चौकात आपल्या लेकीचा दंड पुढे केला.

न्यास आता त्यांच्या पत्नी निर्मलाबाई चालवत. फोटोला हार घातला की सुटलो, असं मानणारी घरं पुष्कळ असतात. या बाईने मात्र नवऱ्याचे गुण अंगात मुरवले होते. एवढ्या गिरणीची मालकीण, पण घरकामाच्या रंभाबाईच्या खांद्यावर हात टाकून मैत्रिणीसारखी चालायची. उद्घाटनाचा दिवा तिने स्वतः कधी लावला नाही. तो मान दरवर्षी रंभाबाईला. पट्टी सुटली की रंभाबाई एकेकाचं नाव पुकारून बाईंपुढे उभं करायची. बाई बोटं वर करायच्या. "किती?" "तीन, जी!" की सगळा मांडव हसायचा. लोक बाईंचं नाव काढताना हात जोडत, आणि ते उगाच नव्हतं.

धुरपताची बातमी लागताच बाई रंभाबाईला घेऊन आल्या आणि सरळ तिच्या शेजारी खाटेवर बसल्या.

"काहून वो धुरपता, पळून चालली म्हणते?"

"भेव लागते जी. तुमाले काय समजन!" धुरपताला रडू फुटलं. "रोवणीले गेली तं बाया म्हणतेत, आजी, तू बांधीत नोको उतरू, धुऱ्यावर बस. सारा जनम चिखलात रोपं लावण्यात गेला माया. आता धुऱ्यावर बसून काय करू? पण आहे तेवढा उजेडबी गेला तं धुऱ्यापावतोबी जाता येनार नाई."

"समजते मले," बाई म्हणाल्या. "पयल्या शिबिराले आमी चाळीस खाटा टाकल्या होत्या. एक मानूस फिरकला नाई. डाक्टर डोळे काढून नेते म्हणत. मायाबी डोळ्यात मोतीबिंदू होताच. म्हटलं, आमच्या मालकाचं म्हणनं काय होतं? आधी घरचं. गेली अन् झोपली पयल्या खाटेवर."

पुढचं खुशालने ऐकलेलं होतं. ते साऱ्या तालुक्याने ऐकलं होतं. पट्टी सुटायच्या दिवशी खिडक्यांना माणसं लटकली होती. बाई घटकाभर गप्प बसल्या, मग ताडकन उभ्या राहून ओरडल्या, "दिसते गा! सारे दिसून राहिले तुमी!" दुसऱ्या दिवशी चाळीस खाटा पुरल्या नाहीत. तेव्हापासून दहा वर्षं त्या कधीच पुरल्या नव्हत्या.

"मंग सारायलेच दिसते का जी?" धुरपताने विचारलं.

"खोटं नाई सांगत. शंभरातल्या नव्व्यान्नवाले दिसते."

"अन् शंभरावा?"

"त्याची फिकीर तू कायले करते?" बाई हसल्या. "तो होऊन गेला."

धुरपताही हसली. बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. पिशवी पुन्हा खाटेखाली गेली.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि जाड भिंगांचा चष्मा तिच्या नाकावर ठेवला. धुरपता कितीतरी वेळ समोर पाहत राहिली.

"खुशाल," ती म्हणाली, "तुयी दाढी पांढरी कधी झाली रे?"

खुशालला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं.

धुरपता मात्र उठलीच. आपली पाळी यायची, रंभाबाई नाव पुकारायची, एवढा धीर तिला कुठला! रंभाबाई दुसऱ्या एका म्हातारीला घेऊन मोरीकडे गेली होती. धुरपता एकटीच, कुठे हात न लावता, व्हरांडा उतरून मांडवाकडे चालत गेली. खुर्चीवर एक पांढऱ्या लुगड्यातली बाई बसली होती आणि कोणाला तरी चहाचं विचारत होती. आवाज ऐकताच धुरपताने ओळखलं. ज्यांच्या शब्दावर तिने डोळा पुढे केला, त्या या.

ती अगदी समोर जाऊन उभी राहिली. मध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. स्वच्छ ऊन पडलं होतं. तिने हात जोडले. बोलायचं खूप होतं, पण शब्द फुटेना. डोळे वाहू लागले.

बाईंचं तोंड तिच्याकडेच होतं. कपाळाला काळजीची आठी होती.

"रंभा, ये रंभा!" बाईंनी हाक दिली. "धुरपताची पट्टी सुटली का वो? तिले दिसलं का नाई, कोनी तरी सांगा ना मले."