चौथी चेटकीण

"परत तेच!" दिग्दर्शक बाईंनी संहिता टेबलावर आपटली. "उद्या प्रयोग आहे आणि तुमचं पहिलं पानसुद्धा पाठ नाही?"

सेनापतीचं काम करणारा नट हसला. "दाजी आहेत ना विंगेत."

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान. अकरा वर्षं ते त्याला प्रॉम्प्टिंग करत होते. ते वाक्य पुटपुटायचे आणि मेहुणा तेच असं काही ठणकावायचा की टाळ्या पडायच्या. तोंड आधी चालायचं, अर्थ मागून यायचा. एकदा दाजींनी चुकून भलत्याच नाटकाची वही उघडली होती. पठ्ठ्यानं तेही बिनदिक्कत म्हणून टाकलं.

"नाटकात 'तू राजा होशील' म्हणून सेनापतीचे कान भरणाऱ्या तीन चेटकिणी कमी पडल्या म्हणून विंगेत ही चौथी!" बाई करवादल्या. "बरं, राजाला मारण्याचं पाप कुणाचं? एवढं तरी सांगा."

"चेटकिणींचं. त्यांनीच डोक्यात भरवलं."

"डोंबल! त्या नुसत्या बोलतात. आत आधीपासून असतं तेच बोलतात. दाजी, तुम्ही तरी समजवा याला."

दाजींनी चष्मा पुसला. "पाठांतर काही व्हायचं नाही, बाई. पण माझं ऐकतो तो." मग तो डोळ्यांवर चढवत म्हणाले, "उद्याचा एक पास मिळेल? अपघाताच्या वेळी फौजदारसाहेबांनी फार धावपळ केली होती."

बाईंचा आवाज खाली आला. "दोन घ्या."

राणीचं काम आधी दाजींची बायको करायची. आठ महिन्यांपूर्वी दौऱ्यावरून येताना गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. ती गेली, भाऊ वाचला. गाडी ताईच चालवत होती, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. तिचा चष्मा मात्र घरीच राहिला होता आणि चष्म्याशिवाय तिला दारावरची पाटीही वाचता येत नसे. दाजींनी त्याला एकदाच विचारलं.

"किती वेळा तेच, दाजी!" मेहुणा वैतागला होता.

दाजींनी पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह भरलं. फौजदार पहिल्या रांगेत बसले. राजाचा खून झाला. रंगवलेले लाल हात घेऊन सेनापती उजेडात आला, नेहमीसारखा अडला आणि त्यानं विंगेकडे कान केला.

दाजींनी संहिता मिटली आणि हळू आवाजात वाक्य दिलं.

सेनापतीनं छाती भरून श्वास घेतला. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"गाडी ताई चालवत नव्हती! मी चालवत होतो!"