शिवराईवरचा तडा

"कुठं सापडलं म्हणालात?" विक्रमने तिसऱ्यांदा विचारलं.

"उत्तर बदलतंय का बगताय व्हय?" गेनबा म्हणाला. "खडकवासल्याचा गाळ आनला शेतात टाकायला. ढीग पंधरा दिस वारज्यात रस्त्याकडंला पडला व्हता. पसरताना हे घावलं."

विक्रमने नाणं भिंगाखाली धरलं. तांब्याची शिवराई. अक्षरांखाली कमळाची कळी.

अशी कळी आजवर एकाच शिवराईवर दिसली होती आणि ती मकबूल यांची होती. मकबूल रविवार पेठेत भांड्यांवर नावं घालायचे, उरलेल्या वेळात जुनी नाणी जमवायचे. अज्ञात ठशाची शिवराई मिळाली, असं त्यांनी संग्राहकांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा विक्रमच म्हणाला होता, "ज्याच्या हातात कोरणी, त्यालाच बरी कळी सापडते." सगळे हसले. मकबूल पुन्हा बैठकीला आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी वारले.

विक्रमने केलेली शिवराईच्या ठशांची सूची शुक्रवारी छपाईला जायची होती. मकबूल यांचं नाणं त्यात 'बनावट' या प्रकरणात होतं, त्यांच्या नावासकट. त्यांची पत्नी कमरजहां तीनदा येऊन सांगून गेली होती, तेवढं नाव काढा. विक्रमचं उत्तर ठरलेलं होतं. त्याच ठशाचं दुसरं नाणं आणा.

आज मंगळवार, आणि दुसरं नाणं टेबलावर होतं. विक्रमला ते अजिबात आवडलं नव्हतं.

त्याने फोन करून कमरजहांला पहिलं नाणं घेऊन सदाशिव पेठेत बोलावलं. ती तासाभरात आली.

"भाभी, यांना ओळखता?"

"नाही."

"यांना हे नाणं वारज्यात पडलेल्या गाळात सापडलं. तुम्हीही वारज्यातच राहता."

"निम्मं पुणं वारज्यात राहतं, विक्रमभाऊ. सगळ्यांना बोलावून घेऊ?"

गेनबा हसला. त्या हसण्यात ओळख आहे का, हे विक्रमने निरखून पाहिलं. दिसली नाही.

त्याने दोन्ही नाणी शेजारी ठेवली. कडा वेगळ्या, वजनात थोडा फरक. कळी मात्र तीच. कळीच्या टोकातून एक बारीक उठावाची रेघ निघत होती. नाणी पाडायच्या लोखंडी ठशाला तडा गेला की नाण्यावर अशी रेघ उमटते.

पहिल्या नाण्यावरून साचा घेऊन दुसरं ओतलं असेल, तर रेघ तेवढीच हवी. विक्रमने ती मोजली. भिंग पुसून पुन्हा मोजली. मग दोन्ही नाणी आळीपाळीने उजेडात धरून पाहिली.

"काय झालं?" कमरजहांने विचारलं.

"गेनबांच्या नाण्यावर तडा लांब आहे."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे हे ओतलेलं नाही. त्याच ठशाने पाडलंय, पण नंतर. दोन्हींच्या मधल्या काळात तडा वाढत गेला." त्याने भिंग खाली ठेवलं. "आणि कळी ठशातच होती. मकबूलभाईंनी ती नाण्यावर कोरलेली नाही."

कमरजहांने मकबूल यांचं नाणं उचलून रुमालात बांधलं.

"माझं चुकलं, भाभी."

"मला नका सांगू. छापा."

विक्रमने 'बनावट' प्रकरणातलं ते पान काढलं, नोंदीवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'स्वतंत्र ठसा. प्रथम ओळखणारे : मकबूल.' कमरजहांने ते दोनदा वाचलं.

"मंजी माझं नानं खरं हाय ना?" गेनबाने विचारलं.

"खरं आहे."

कमरजहां वारज्याला घरी पोचली तेव्हा घरात कुणी नव्हतं. तिने दार आतून लावलं, कपाटातला पत्र्याचा डबा काढला आणि नाणं त्यात ठेवलं, लोखंडी ठशाच्या शेजारी. ठशावरचा तडा आता काठापर्यंत पोचला होता. तिसरं नाणं त्यावर निघालं नसतं.