मधल्या प्रतीची चपळाई

संपत चौगुलेने कराराचा कागद कबड्डी संघाच्या मॅनेजर काळसेकर मॅडमच्या टेबलावर ठेवला. "दोन कोटी परत घ्या. माझ्या मेंदूतून काढलेली चपळाई मला परत द्या."

"कबड्डीत तुम्ही मधल्या प्रतीचेच होतात, चौगुले. तरी आम्ही एवढे पैसे का मोजले? मोठ्या खेळाडूची चपळाई दुसऱ्याच्या अंगात बसत नाही. तुमची कुणालाही बसते. आता ती आमच्या बारा खेळाडूंत रुजलीय. निघणार नाही."

"मग सगळी नको. पडतं लेकरू झेलण्यापुरती तरी द्या."

मॅडमनी कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"पूर्वी ताट पडायच्या आत माझा डावा हात पुढे जायचा. परवा माझी लेक तनू जिन्यावरून घसरली. मी हातभर अंतरावर होतो. ती पडताना मला दिसत होती, मॅडम. हात उठलाच नाही. ती अजून शुद्धीवर आलेली नाही."

खिडकीखाली मॅटवर सराव चालू होता. एका खेळाडूचा पाय घसरला. शेजारच्याने डावा हात झटकन पुढे घालून त्याला वरच्यावर सावरलं.

तो हात संपतचा होता.